कॅमेरा छातीवर, बटण कुणाच्या बोटाखाली?

सदर : ठाणे अंमलदाराला विचारा

ड्यूटीवरच्या प्रत्येक पोलिसाच्या अंगावर कॅमेरा सक्तीचा करावा, असं मी मागच्या अंकात दोन ओळींत लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. भाडेकरू नोंदणीवाल्यांनी आणि पासपोर्ट हरवलेल्यांनी महिनाभर कळ काढावी. निम्म्या पत्रांचा सूर 'बरं झालं, आता यांची जिरेल' असा आहे. उरलेली बरीचशी माझ्याच खात्यातल्या मंडळींची: 'साहेब, पेन्शन चालू झाली आणि आमच्यावर उलटलात!' दोघांनाही उत्तर देतो.

प्रश्न : रात्री साडेदहाला कर्वे रोडवरच्या एका चौकात मला अडवलं. सिग्नल तोडला म्हणाले. मी पिवळ्यात निघालो होतो. 'तुमच्या कॅमेऱ्यात दिसेल ना,' म्हटलं, तर हवालदार म्हणाले, 'चार्जिंग नाही, बंद आहे.' हा कॅमेरा सक्तीचा आहे का? आणि त्यातलं चित्रीकरण सामान्य माणसाला मिळतं का? (आयटीतला एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : आधी पिवळ्या दिव्याचं. पिवळा म्हणजे थांबा. गाडी इतकी पुढे आली असेल की थांबणंच धोक्याचं, तरच ओलांडा. पुण्यात तो 'पळा' असा वाचतात, हे मी चौकात उभं राहून वर्षानुवर्षं पाहिलंय. त्यामुळे तुमच्या म्हणण्यावर माझा अर्धाच विश्वास बसतो, राग मानू नका.

आता कॅमेरा. देशातल्या प्रत्येक पोलिसानं ड्यूटीभर अंगावर कॅमेरा लावलाच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. त्यात वेग मोजणारी यंत्रं, सीसीटीव्ही, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे यांच्या जोडीनं अंगावरच्या कॅमेऱ्याचंही नाव आहे. अशा यंत्राच्या आधारे चलन करायचं तर यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्यानं घ्यावं लागतं. नोटीस १५ दिवसांत पाठवायची, आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत चित्रीकरण सांभाळायचं. पण तुमचं चलन हवालदारांनी डोळ्यांनी पाहून केलंय, त्याला कॅमेऱ्याची अट नाही. कॅमेरा बंद होता एवढ्यावर ते रद्द होणार नाही.

तरीही 'चार्जिंग नाही' हे उत्तर मला पटत नाही. माझ्या वेळी वायरलेस सेटची बॅटरी उतरली की नियंत्रण कक्षाला कळवायचं आणि ठाण्याच्या डायरीत नोंद घालायची. नोंद नसली की दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभं राहायचं. कॅमेऱ्याला वेगळा न्याय का? म्हणून माहिती अधिकारात चित्रीकरण मागण्याऐवजी (नाहीच, तर देणार काय?) ही माहिती मागा: त्या तारखेला त्या ड्यूटीसाठी कॅमेरा दिला होता का, कोणत्या क्रमांकाचा, तो परत कधी जमा झाला, आणि नादुरुस्तीची नोंद कुठे आहे. चांगल्या कॅमेऱ्यात तो कधी चालू झाला नि कधी बंद पडला हे आपोआप नोंदलं जातं. तीही नोंद मागा.

अर्ज पोलिस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. विषय एकच आणि शब्द दीडशेच्या आत. पुणेकराला हे जड जाणार, पण महाराष्ट्राचा नियम तसा आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. तपासाला बाधा येते असं सांगून कलम ८(१)(ज) खाली नकार येऊ शकतो. सिग्नलच्या चलनात तपास तो काय असणार, हे अपिलात विचारा.

ज्यांच्या बाबतीत कॅमेरा खरोखर चालू होता त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. माहिती अधिकाराचे ३० दिवस मोजत बसू नका. दुसऱ्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज द्या की अमुक वेळेचं, अमुक ठिकाणचं चित्रीकरण पुसू नये, जपून ठेवावं. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

प्रश्न : जॉर्ज फ्लॉइड मेला तेव्हा तिथल्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होतेच. माणूस वाचला का? मग आपल्या गरीब देशानं ही हौस का करावी? (निवृत्त मुख्याध्यापक, सदाशिव पेठ)

उत्तर : सर, प्रश्न रास्त आहे. २५ मे २०२० ला अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये पोलिसांचे कॅमेरे चालू होते, तरी फ्लॉइडच्या मानेवरचा पोलिसाचा गुडघा हलला नाही. त्याहून पुढची गोष्ट अशी की पोलिसांचं पहिलं निवेदन होतं, 'पोलिसांशी संपर्क आला असताना वैद्यकीय कारणानं मृत्यू.' अंगावरच्या कॅमेऱ्यांत सगळं असूनही हे निवेदन निघालं, कारण ते चित्रीकरण त्या वेळी त्यांच्याच ताब्यात होतं. जगानं पाहिला तो रस्त्यावरच्या १७ वर्षांच्या मुलीनं काढलेला मोबाइलचा व्हिडिओ. पोलिसांचं चित्रीकरण नंतर खटल्यात आलं आणि उपयोगीही पडलं.

म्हणून कॅमेऱ्यानं काय होतं, हे एका वाक्यात सांगता येत नाही. कॅलिफोर्नियात रिआल्टो नावाचं लहानसं शहर आहे. तिथे २०१२ पासून वर्षभर प्रयोग झाला: काही पाळ्या कॅमेऱ्यासह, काही कॅमेऱ्याविना. आदल्या वर्षी पोलिसांविरुद्ध २८ तक्रारी होत्या, त्या वर्षी ३ आल्या. बळाचा वापरही निम्म्याहून खाली आला. या आकड्यांवर सगळी दुनिया भाळली. मग वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून जास्त पोलिसांवर, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून, तोच प्रयोग झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की म्हणण्यासारखा फरक काहीच नाही.

आता खरं कोणाचं? मला विचाराल तर या दोन्हींपेक्षा २०१६ चा एक अभ्यास जास्त कामाचा आहे. रिआल्टोचा प्रयोग करणाऱ्याच संशोधकानं निरनिराळ्या ठिकाणचे प्रयोग एकत्र करून तपासले. जिथे पोलिसांनी नियम पाळून भेटीच्या सुरुवातीपासून कॅमेरा चालू ठेवला आणि समोरच्याला तसं सांगितलं, तिथे बळाचा वापर ३७ टक्क्यांनी उतरला. जिथे कॅमेरा कधी लावायचा हे पोलिसानं आपल्या मर्जीनं ठरवलं, तिथे तो ७१ टक्क्यांनी चढला. कॅमेरा तोच, वर्दी तीच, बदललं ते बटण कुणाच्या मर्जीवर आहे एवढंच.

बटणाची गंमत बघायची तर बाल्टिमोरचं प्रकरण बघा. जानेवारी २०१७. एका पोलिसानं घरामागच्या कचऱ्यात अमली पदार्थाची पुडी ठेवली, रस्त्यावर आला, कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि मग 'शोधत शोधत' जाऊन ती पुडी काढून दाखवली. त्याच्या ध्यानात एक गोष्ट राहिली नाही. तो कॅमेरा बटण दाबायच्या आधीचे ३० सेकंदही, आवाजाविना का होईना, राखून ठेवतो. पुडी ठेवतानाचा सगळा मूकपट वकिलाच्या हाती लागला आणि पुढच्या वर्षी पोलिस दोषी ठरला. मुद्देमाल 'मिळवून' देणारी माणसं प्रत्येक देशाच्या खात्यात असतात. हे तीस सेकंद सगळ्या कॅमेऱ्यांत हवेत, आणि माझं ऐकाल तर दोन मिनिटं हवीत.

अजून एक खोच आहे, ती फारसं कुणी बोलत नाही. छातीवरच्या कॅमेऱ्यात पोलिस स्वतः दिसत नाही, त्याच्यासमोरचा माणूस दिसतो. २०१९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी एकाच प्रकारच्या घटनांचं गाडीतल्या कॅमेऱ्याचं आणि छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण लोकांना दाखवलं. छातीवरच्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांना पोलिसाचा हेतू कमी वाईट वाटला. म्हणजे हा कॅमेरा पोलिसाला सोयीचा आहे. माझ्या खात्यातल्या नाराज मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आपल्याकडचं उदाहरण तर समोरच आहे. २ डिसेंबर २०२० ला परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलिस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, सगळीकडे. आवाजासह, अंधारात दिसेल असं, आणि चित्रीकरण १८ महिने टिकेल असं. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाला ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचा विषय स्वतःहून पुन्हा हाती घ्यावा लागला. ठाण्याच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारा डबा) ठाण्यातच, त्या खोलीची किल्लीही ठाण्यातच. मग कुंपणानं शेत खाल्लं तर दोष शेताला द्यायचा का? मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर आपल्या शहरात जो गहजब झाला तो मुख्यतः पहिल्या काही तासांवरून होता. नियंत्रण कक्षाला वेळेत कळवलं नाही म्हणून दोन अधिकारी निलंबित झाले. पहिल्या तासात कोण कुणाशी काय बोललं, याची बाहेर साठलेली नोंद असती तर अर्धा वाद झालाच नसता.

तेव्हा सर, हौस म्हणून कॅमेरे घेऊच नयेत. घ्यायचे तर तीन अटींवर. ११२ वरून कॉल मिळाला किंवा कुणाला अडवलं की कॅमेरा चालू झालाच पाहिजे. पाळी संपली की चित्रीकरण ठाण्याच्या संगणकात न जाता ठाण्याचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी जावं. आणि कॅमेरा बंद असेल नि त्याचं लेखी कारण नसेल, तर त्या घटनेपुरती पोलिसाची बाजू कमजोर धरावी. तिसरी अट कायद्यात आल्याशिवाय पहिल्या दोन कुणी पाळणार नाही.

प्रश्न : माझे मिस्टर शिपाई आहेत. बारा-बारा तास ड्यूटी, त्यात विसर्जनाला तर दोन दिवस घरी येत नाहीत. आता अंगावर कॅमेरा आला तर चहा प्यायले, दोन मिनिटं बसले, घरी फोन केला, सगळं साहेब बघणार. तुम्ही स्वतः ही नोकरी केलीत ना काका? मग आमच्या पोटावर का उठलात? (पोलिस लाइनमधली एक वाचिका)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी १९८५ ला शिपाई म्हणून भरती झालो, सहायक निरीक्षक होऊन निवृत्त झालो. तुम्ही म्हणता तो जाच मला तोंडपाठ आहे. कॅमेरा दिला की काही साहेब लोक गुन्हेगार सोडून आपल्याच शिपायाची टोपी कुठे होती ते बघत बसतील, ही तुमची भीती खरी आहे.

म्हणून नियम लिहूनच ठेवावा लागेल. कॅमेरा बाराही तास चालू ठेवायचा नाही, लोकांशी कामानिमित्त गाठ पडेल तेव्हाच. जेवण, विश्रांती, बाथरूम, घरचा फोन, खबऱ्याशी बोलणं, यात तो बंद. आणि कुणाची तक्रार नसताना साहेबांनी नुसतं चाळायला चित्रीकरण उघडलं, तर कोणी, कधी, का उघडलं याची नोंद पडली पाहिजे. किरकोळ गोष्टीवरून कसुरी (शिपायाच्या चुका वरिष्ठांना कळवणारा अहवाल) पाठवायला चित्रीकरण वापरायचं नाही, हेही त्यातच लिहा. विसर्जनाच्या बंदोबस्ताचं म्हणाल तर मिरवणूक पहाट उलटून दुपारपर्यंत चालते, आणि कॅमेऱ्याची बॅटरी एका पाळीपुरती असते. अलका चौकात उभ्या माणसाला ती बदलून कोण आणून देणार, हे आधी ठरवा. खरं तर त्याच्याही आधी बंदोबस्तावरच्या मुलींना जवळ स्वच्छतागृह द्या. पण ते आपलं वेगळं भांडण आहे.

आता दुसरी बाजू. माझ्याबरोबरचा एक हवालदार होता, नाव सांगत नाही. एका दुकानदारानं त्याच्यावर पैसे मागितल्याचा आळ घेतला. साक्षीदार दुकानदाराचाच नोकर. निलंबन झालं, अर्धा पगार, खात्याची चौकशी. पोरीचं जमलेलं लग्न लांबलं. लाइनमधल्या बायका त्याच्या बायकोला नळावर काय काय बोलल्या ते तुम्हाला मी सांगायला नको. शेवटी तो निर्दोष सुटला, पण तोवर केस पांढरे झाले होते. दहा मिनिटांचं चित्रीकरण असतं तर ती चौकशी एका दुपारी संपली असती. तुमच्या मिस्टरांसारखा सरळ माणूस कॅमेऱ्याचा पहिला लाभार्थी आहे. चिरीमिरीवाल्याला तो नको असणार, हे उघड आहे.

फक्त एक त्यांना सांगा. मारामारी-झटापटीसारखं काही घडलं तर आधी आठवेल तसा अहवाल लिहावा, चित्रीकरण नंतर पाहावं. पाहून लिहिलेल्या अहवालावर कोर्टात वकील तुटून पडतात. आठवणीत आणि चित्रात थोडा फरक निघाला तर तो माणसाचा स्वभाव आहे, त्याला खोटेपणा म्हणत नाहीत.

प्रश्न : काका, पोलिस कुणाला अडवताना मी माझ्या मोबाइलवर शूट केलं तर गुन्हा होतो का? एकदा एकांनी फोन काढून घेईन म्हणून दम दिला. (एफवायचा विद्यार्थी, डेक्कन)

उत्तर : सार्वजनिक रस्त्यावर नुसतं शूट करणं हा गुन्हा नाही. पोलिस ठाण्याच्या आतलंही सांगतो. वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं की शासकीय गुपितं कायद्यात पोलिस ठाणं हे 'निषिद्ध ठिकाण' म्हणून येत नाही, म्हणून तिथल्या चित्रीकरणावर त्या कायद्याखाली गुन्हा टिकत नाही. पण तू चार हात लांब उभा राहा, मधे पडू नकोस, 'काय पुरावा आहे तुमच्याकडे' असलं भाषण ठोकू नकोस. कामात अडथळा आणल्याचं कलम लावायला तेवढं पुरतं, आणि ते लागलं की तुझ्या बाबांना शिवाजीनगर कोर्टाच्या चकरा. रील करून टाकण्याआधी त्यातल्या अडवलेल्या माणसाचा चेहरा झाक. त्याची चूक अजून ठरायची आहे.

प्रश्न : नवरा मारतो म्हणून मी चौकीत गेले. समोरच्या बाईंच्या छातीवर लाल दिवा लागलेला. मला बोलताच येईना. उद्या तो व्हिडिओ सासरी पोचला तर? (धायरी)

उत्तर : ताई, ज्या देशांत हे कॅमेरे जुने झालेत तिथे अंमलदारानं 'चित्रीकरण चालू आहे' हे आधी सांगायचं असतं आणि पीडित बाई नको म्हणाली तर तिच्या म्हणण्याचा विचार करायचा असतो. आपल्याकडेही तुम्ही सरळ म्हणा, 'बाई, हे बंद करा, मग बोलते.' त्यात तुमची काही चूक नाही. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मारहाणीच्या तक्रारीला तेवढं कवच नाही, म्हणूनच मी म्हणतो की चित्रीकरण कोणाला दिसेल याचा कायदा कॅमेऱ्याच्या आधी यायला हवा होता.

पण कॅमेऱ्यापायी तक्रार सोडू नका. चौकीत अवघड वाटत असेल तर पोलिसांच्या भरोसा सेलकडे जा, तिथे बायकांचं ऐकून घ्यायला वेगळी माणसं असतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडेही जाता येतं. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट घ्या. अंगावर वळ असतील तर आजच सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. कॅमेऱ्यात दिसले नाहीत तरी ते त्या कागदावर येतील.

प्रश्न : मला दोनदा पंच म्हणून नेलं. आता झडतीचा व्हिडिओ काढतात म्हणे. मग पंच कशाला? (किराणा व्यापारी, नाना पेठ)

उत्तर : पंच राहणारच, शेठ, सुटका नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती, जप्त मालाची यादी आणि त्यावर तुमची सही, हे सगळं चित्रित करायचं आणि विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. चित्रीकरण शक्यतो मोबाइलनं, असं कायदाच म्हणतो. म्हणजे अंगावरचा कॅमेरा सक्तीचा नसला तरी झडतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं सरकारी ॲप आहे. तपास अधिकारी स्वतःच्या फोनवर नुसता व्हिडिओ काढताना दिसला तर नम्रपणे विचारा, 'साहेब, ॲपवर घेताय ना?' सही करण्याआधी यादी वाचा, आणि सही करताना तुम्ही चौकटीत आहात ना बघा. पुढे कोर्टात तुम्हाला तेच विचारणार आहेत.

प्रश्न : एवढे व्हिडिओ ठेवणार कुठे, आणि पैसे कोण देणार? (सीए, बिबवेवाडी)

उत्तर : तुम्ही आकडेवाले, म्हणून ढोबळ हिशेब देतो. साध्या स्पष्टतेचं एक तासाचं चित्रीकरण दीड जीबी धरा, दिवसाला दोन तास धरा. एक हजार कॅमेऱ्यांचे रोजचे तीन हजार जीबी झाले. सगळं १८ महिने ठेवायचं म्हटलं तर सोळा लाख जीबीच्या घरात जातं. कॅमेरा स्वस्त, साठवण महाग. अमेरिकेत काही लहान गावांनी याच बिलापायी कॅमेरे उतरवून ठेवले. माझ्या मते ज्यावर तक्रार नाही, गुन्हा नाही, बळाचा वापर नाही, ते ९० दिवसांनी पुसावं, बाकीचं निकाल लागेपर्यंत ठेवावं. मात्र कोणतं चित्रीकरण कोणत्या खान्यात जातं, हे त्या ठाण्याच्या माणसानं ठरवायचं नाही. आणि निविदा काढताना कॅमेऱ्याच्या किमतीबरोबर पाच वर्षांच्या साठवणीचा दरही मागवा, नाहीतर पहिल्या वर्षी फोटो छापून येतील आणि दुसऱ्या वर्षी कॅमेरे कपाटात जातील.